माझं लेथ भंगारात जाणार नाही

लिहून ठेवणार: शमुवेल थॉमस मकासरे, वय वर्षे २३, धंदा लेथकाम, राहणार नेवासा रस्ता, श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसे की, मी आज पूर्ण शुद्धीवर आहे. ताप नाही, दारू घेतलेली नाही, एरवीही घेत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. चिथावणी मात्र आहे, ती कोणाची ते पुढे लिहिले आहे. मला कोणताही आजार नाही आणि मरायचा विचार तर अजिबात नाही. आईच्या हातात हा कागद चुकून पडला तर तिने आधी हेच वाक्य दोनदा वाचावे, मग पुढचे.

पाचशेचा स्टॅम्पपेपर मी रागाच्या भरात आणला. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, असे वकील पंकजा मॅडमनी नंतर सांगितले. आणलाच आहे तर वाया घालवत नाही.

कलम १. हा कागद का लिहिला

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मी श्री. सॅमसन अमोलिक यांच्या दुकानात गेलो. ते मेन रोडला फवारणीचे पंप विकतात. पंप, नोझल, पाईप, सगळा माल चीनमधून मागवतात. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. त्यांची मुलगी कृपा दुकानाची बिले आणि परदेशातल्या ऑर्डरी बघते. तिच्याबद्दल मला काय वाटते ते निम्म्या श्रीरामपूरला माहीत आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही. काका चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले,

“शमू, ते लेथ भंगारात घाल. शेड मला गोडाऊनला दे. माझ्याकडे ये, वर्षातून दोनदा चायनाला जाऊन माल बघून येत जा. मग कृपाचं बघू.”

पंपावर नोझल फुकट द्यावा तसे म्हणाले. मी म्हणालो, लेथ विकायचे नाही. काका हसले.

“अरे, तुझ्याकडे आहे काय? उद्या मृत्युपत्र करायला बसलास तर नाव-पत्ता लिहून झाल्यावर कागद कोरा राहील. पुढच्या रविवारपर्यंत सांग. पुण्याचे लोक कृपाला बघायला यायचं म्हणतायत. मी त्यांना किती दिवस थांबवू?”

कृपा काउंटरमागे बिल करत होती. तिने मान वर केली नाही. त्या बिलात तिने एकाच पंपाची किंमत दोनदा लावली, हे मला त्या गिऱ्हाइकाकडून नंतर कळले. मला तेवढे पुरले.

तर काका, उत्तर लेखी देतो. उद्या रविवार आहे.

कलम २. घर आणि शिल्लक

राहते घर आईच्या, म्हणजे श्रीमती रूथ थॉमस मकासरे यांच्या नावावर आहे व तिचेच राहील. पतसंस्थेतल्या माझ्या खात्यावर जे काही असेल ते तिला मिळावे. फार नसेल. नेवासा रस्त्यावरची दीड गुंठा जागा आणि तीवरचे पत्र्याचे शेड पप्पा गेल्यावर आईने हक्कसोडपत्र करून माझ्या एकट्याच्या नावावर केले. त्या दिवशी ती म्हणाली होती, “कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता हे तरी धर.” तेव्हापासून धरले आहे.

कलम ३. वाहन

नाही. जुलैपर्यंत मोटारसायकल होती. ती का गेली ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. शिक्षणाचे साहित्य

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची तीन सेमिस्टर केली. चौथीच्या मध्यात पप्पा वारले, मी शेडवर आलो आणि परत गेलो नाही. माझे ड्रॉइंगचे साहित्य व पुस्तके कॉलेजच्या लायब्ररीत द्यावीत. सोबत एक निरोप द्यावा: तिथे तीन सेमिस्टरमध्ये लेथचे भाग पाठ करून घेतले, पण लेथवर काढलेला माल का विकला जात नाही हे कोणी शिकवले नाही. ते मला एका बी.कॉम. झालेल्या मुलीने पॅकिंग स्लिपच्या पाठीमागे शिकवले.

कलम ५. लेथच्या वर चिकटवलेला कागद

हीच ती पॅकिंग स्लिप. मी मेल्यावरही ती भिंतीवरून काढू नये, रंग देताना सुद्धा. तिच्यावर काय आहे ते लिहितो, कारण शाई उडत चालली आहे.

पप्पा, म्हणजे थॉमस मिस्त्री, पितळी नोझल करायचे. नोझल म्हणजे फवारणी पंपाच्या दांड्याच्या टोकाला बसतो तो अंगठ्याएवढा भाग. औषध त्यातून पंख्यासारखे बाहेर पडते. आमचा नोझल एकसष्ट रुपयांना पडायचा. काकांच्या दुकानात चीनचा बेचाळीसला विकला जायचा, म्हणजे त्यांना त्याहून स्वस्त पडत असणार. मी म्हणायचो, माल हलका असेल. एकदा चिडून मी त्यांचा नोझल करवतीने उभा कापला. पितळ चांगले होते. भोक आमच्यापेक्षा सरळ होते.

मग मी म्हणालो, तिथे मजूर फुकट राबवत असतील. कृपा म्हणाली, “तुझ्या लेथवरच्या बजरंगकाकांना तू महिन्याला अठरा हजार देतोस. तिथला ऑपरेटर त्याच्या तिप्पट घेतो. आता बोल.”

मग तिने स्लिप उलटी केली आणि लिहायला लागली. तिथे एक माणूस आठ ऑटोमॅटिक मशीन सांभाळतो, मशीन रात्रंदिवस चालतात, त्यामुळे त्याचा तिप्पट पगार लाखो नगांवर वाटला जातो. मशीनची किंमतही तशीच वाटली जाते. त्यांचा पितळी रॉड मागच्या गल्लीतून येतो, रबराची रिंग शेजारच्या गल्लीतून, जाळी पलीकडून, खोका समोरून. “आणि तुझा?” तिने विचारले. माझा रॉड पुण्याहून, तोही वीस किलो किरकोळ भावाने. रिंग पुण्यातच पण दुसऱ्या दुकानातून. जाळी राजकोटहून. खोका नगरहून. माझ्या एका नोझलचा जन्म व्हायच्या आधीच तो चार वाऱ्या करून येतो. वीज गेली की रॉड चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, अर्धा कापलेला राहतो. वीज आली की पुन्हा सेटिंग. शेवटी तिने लिहिले की बोटीने समुद्र ओलांडायला एका नोझलला जेवढे पैसे पडतात, त्यापेक्षा श्रीरामपूरहून जामखेडला टेम्पोने पाठवायला मला जास्त पडतात, कारण त्यांचा कंटेनर भरलेला असतो आणि माझा टेम्पो अर्धा रिकामा.

मी त्या चीनच्या फॅक्टरीतल्या लिन मॅडमशी कृपाच्या फोनवर व्हिडिओ कॉलवर बोललोही आहे. कृपा इंग्रजीत सांगत होती. लिन मॅडमनी विचारले, किती नग निघतात. मी म्हणालो, दीडशे. त्या म्हणाल्या, तासाला? कृपा तोंड फिरवून हसली. मी दिवसाला म्हणत होतो.

मधे एकदा मी शेडवर “परदेशी माल हटाव” असा बोर्ड रंगवून त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला होता. कृपाचे उत्तर आले, “फोटो कुठल्या फोनने काढलास?” बोर्ड उतरवला. त्याचा पत्रा आता लेथ गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीवर झाकण म्हणून आहे, तो कोणालाही द्यावा.

त्यांचे स्वस्त पडते ते लबाडीने पडत नाही, हे मी इथे लेखी मान्य करतो. तोंडी मान्य करणार नाही.

कलम ६. बाकी राहिलेले ~~२१३~~ २११ नोझल

हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

पप्पांची एक पद्धत होती. प्रत्येक नोझल, शंभरातला एक नाही, प्रत्येक, ते पंपाला लावून पश्चिमेच्या भिंतीवर नीळ घातलेल्या पाण्याची फवारणी करायचे. भिंत चुन्याने पांढरी केलेली. पट्टा सारखा उमटला तर नोझल खोक्यात, एका बाजूला गडद झाला तर परत लेथवर. वर्षभरात भिंत निळीशार व्हायची. नाताळच्या आधी चर्चला चुना दिला की उरलेल्या चुन्यात आमची भिंत पांढरी व्हायची आणि जानेवारीपासून पुन्हा सुरू.

या वर्षी मी ठरवले की काकांना भावात हरवायचे. एकसष्टाचा नोझल मी अडतीसला काढला. कसा? स्वतःचा पगार घेतला नाही. भोकाच्या कडा घासणे बंद केले. आणि भिंतीवर मारून बघणे बंद केले, कारण त्यात नगाला दीड मिनिट जाते आणि लिन मॅडमच्या फॅक्टरीत दीड मिनिटात पंधरा नग पडतात. बजरंगकाका, जे पप्पांबरोबर बावीस वर्षे लेथवर होते, म्हणाले, “शमू, भिताड सोडू नगं.” मी म्हणालो, “काका, तुम्हाला धंदा कळत नाही.” हे वाक्य मी म्हणालो होतो याची इथे नोंद करतो.

चौदाशे नोझल विकले. राहुरी, नेवासा, जामखेड, पार खर्ड्यापर्यंत दुकानदारांनी घेतले. पंधरा दिवस मी मेन रोडवरून मान वर करून फिरलो.

जुलैत टाकळीभानचे गोरक्ष काका शेडवर आले. खिशातून नोझल काढून लेथवर ठेवला, मग मोबाईल काढला.

“ह्यो तुमचा नोझल. आन ह्यो माझ्या सोयाबीनचा फोटू.”

तणनाशक मारलेले होते. एक पट्टा जळालेला, एक पट्टा गवताने हिरवागार, पुन्हा एक जळालेला. शाळेच्या स्वेटरसारखे दिसत होते. मी औषधाच्या कंपनीला नाव ठेवले, पंपाला ठेवले, वाऱ्याला ठेवले. गोरक्ष काकांनी ऐकून घेतले. मग ते पश्चिमेच्या भिंतीकडे बघत राहिले.

“भिताड पांढरंच हाय की,” ते म्हणाले. “जुलै लागला न्हवं? थॉमस मिस्तरी असताना ह्या टायमाला निळं झाल्यालं असायचं.”

एवढेच. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो.

मोटारसायकल विकून त्यांची भरपाई केली. कृपाला मी तोपर्यंत लग्नाचे तीनदा विचारले होते आणि तिने तिन्ही वेळा विषय बदलला होता. त्या दिवशी मी तिच्याकडे गेलो ते धीर मिळेल म्हणून. तिने माझे बिलबुक मागून घेतले, दुकानदारांची यादी काढली, गावांप्रमाणे लावली आणि म्हणाली, “सगळे परत आण. एसटीने जा. मला येऊन आकडा सांगायचा, बाकी काही सांगायचं नाही.” चार महिने मी आकडा सांगतो आहे. परत आलेल्या प्रत्येकाच्या बदल्यात भिंतीवर मारून बघितलेला नोझल दिला आहे.

चौदाशेपैकी ~~२१३~~ २११ अजून लोकांच्या पंपांवर आहेत. माझ्या मृत्यूनंतर, मग ते कितीही वर्षांनी असो, ज्याच्या हातात हे लेथ असेल त्याने यातला कोणताही नोझल घेऊन येणाऱ्याला बिल न मागता, काही न विचारता, बदलून द्यावा. ओळख: कड बोटाला लागते.

कलम ७. भिंत

पश्चिमेची भिंत दर नाताळच्या आधी पांढरी करावी. शेड कोणाकडेही गेले तरी त्या भिंतीला टेकून माल रचू नये. सध्या भिंत निळी आहे. ज्याला खात्री करायची आहे त्याने येऊन बघावी.

कलम ८. हत्यारे

व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि पप्पांचे घासून घेतलेले सगळे टूल बजरंगकाकांना द्यावेत. ते म्हणतील, “मला काय करायचंय?” तरी द्यावेत. आणि त्यांना सांगावे की धंदा त्यांना कळत होता.

कलम ९. लेथ आणि शेड

सहा फुटी, बटाला बनावटीचे लेथ, त्याची मोटर, चक, आणि खालच्या जागेसह शेड, हे सर्व मी कु. कृपा सॅमसन अमोलिक हिला देतो.

याला कोणतीही अट नाही. तिने माझ्याशी लग्न करावे अशी अट नाही, करू नये अशीही नाही. ती पुण्याला गेली तरी लेथ तिचे. तिने ते चालवावे, बंद ठेवावे, कोणाला शिकवावे. फक्त हे कलम वाचणाऱ्यांनी असे समजू नये की प्रेमापोटी अक्कल गहाण टाकून दिले. हे लेथ कशाने मार खाते हे तिच्याइतके कोणालाच नेमके माहीत नाही, म्हणून दिले. प्रेमापोटीही दिले आहे. दोन्ही खरे आहे.

आता ते पुढे कशावर चालेल असे कोणी विचारेल, तर लिहून ठेवतो. लिन मॅडमना पाच हजारांखालची ऑर्डर चालत नाही. मागच्या महिन्यात भंडारदऱ्याकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांना डोंगर-उतारावर एका जागी उभे राहून वरच्या बांधापर्यंत फवारता येईल असा वाकडा दांडा हवा होता. किती? एक. एका दांड्यासाठी आठ मशीन थांबवणे तिकडे परवडत नाही. मला परवडले, आणि भाव मी सांगितला, त्यांनी घासाघीस केली नाही. त्यांच्या जावेला पण हवा आहे, म्हणजे दोन झाले. काका, हसा. दीडशे दिवसाला आणि सहाशे तासाला या शर्यतीत मी आता नाहीच. तुमच्या दुकानातला पंप ज्याच्या उंचीला, ज्याच्या उताराला, ज्याच्या पिकाला बसत नाही, तो माणूस कुठे जाणार? तो माझ्याकडे येणार. आणि त्याला तुमच्याच पंपावर मी माझा नोझल बसवून देणार.

कलम १०. श्री. सॅमसन अमोलिक यांना

काकांना मी काही देत नाही. ते लबाड नाहीत. वॉरंटी पाळतात, तोलून बोलतात, पप्पांच्या मयताला त्यांनी पुढचा खांदा दिला होता आणि कबरस्तानापर्यंत बदलू दिला नव्हता. म्हणूनच राग जास्त येतो. त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे अशी: लेथ भंगारात घालणार नाही. शेड गोडाऊनला देणार नाही. तुमच्याकडे नोकरीला येणार नाही. चौथा प्रश्न तुम्ही मला विचारायचा नव्हताच, तो जिला विचारायचा तिला विचारा.

कलम ११. अंत्यविधी

पप्पांच्या शेजारी. शवपेटीच्या कड्या कुठल्या देशाच्या आहेत यावरून माझ्या मयतात वाद घालू नये. पितळी असाव्यात.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील पंकजा मॅडमनी करावी. त्यांनी फी घेतलेली नाही, स्टॅम्पपेपर बघूनच त्यांना माझी दया आली असावी. हे मृत्युपत्र मी वाचले, पुन्हा वाचले, दोन ठिकाणी जास्त बोललो आहे असे वाटले, तरी तसेच ठेवले.

स्थळ: नेवासा रस्ता, श्रीरामपूर
दिनांक: शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

(सही) शमुवेल थॉमस मकासरे

साक्षीदार:

१. (सही) गोरक्ष, राहणार टाकळीभान

२. ~~सहादेव, चहाचे दुकान, नेवासा रस्ता~~ (सही) कृपा सॅमसन अमोलिक

खाडाखोडीचा खुलासा

वर दोन प्रकारची खाडाखोड आहे. दोन्ही माझ्या समक्ष झाली व मला मान्य आहे.

पहिली. आज दुपारी वकील मॅडम, गोरक्ष काका, बजरंगकाका आणि मी शेडमध्ये दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघत होतो. सहादेवच्या टपरीवर गर्दी होती. तेवढ्यात कृपा आली. मी कागद लपवायच्या आत तिने तो लेथवरून उचलला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. मधे एकदाच थांबली, पेन मागितले आणि २१३ चे २११ केले. “काल दोन खर्ड्याहून पोस्टाने आले. दुकानाच्या पत्त्यावर. माझ्या पप्पांनी सही करून घेतले,” ती म्हणाली.

दुसरी. वाचून झाल्यावर तिने वकील मॅडमना विचारले की साक्षीदार कोणीही होऊ शकतो का. मॅडम म्हणाल्या, “कोणीही, पण ज्याला काही दिलंय त्याने होऊ नये. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर अशाने सही केली तर त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. बाकीचा कागद टिकतो.” कृपाने मान हलवली, सहादेवचे नाव खोडले आणि खाली सही केली.

मी म्हणालो, “अगं, ऐकलंस ना? आता लेथ तुला मिळणार नाही.”

“ऐकलं. तू मेल्यावर मिळणारं लेथ घेऊन मी काय करू? वाकड्या दांड्याचा भाव तू चुकीचा लावलायस, वेल्डिंग धरलंच नाहीस. सोमवारी आठला येते. शटरची एक चावी दे.”

“आणि काका?”

“पप्पांना उद्या चर्च सुटल्यावर मी सांगते. तू येऊ नकोस, तू भांडशील.”

बजरंगकाकांनी त्यांच्याकडची चावी काढून दिली. गोरक्ष काका भिंतीकडे बघत होते, तसेच बघत राहिले.

वकील मॅडमनी कागद गोळा करताना सांगितले की आणखी एक गोष्ट कायद्याने सांगायला हवी. आमच्यात मृत्युपत्र करणाऱ्याचे पुढे लग्न झाले तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, मग नवीन करावे लागते.

कृपा म्हणाली, “करू. पण त्यावर साक्षीदार दुसरा बघा.”

खुलासा लिहून संपवला.

(सही) शमुवेल थॉमस मकासरे